रद्द झालेली ऑर्डर आणि बिथरलेलं गिऱ्हाईक: कस्टम सायकल फ्रेम बनवणाऱ्यांसाठी

माझ्या वर्कशॉपच्या मागच्या भिंतीवर एक बिनरंगाची फ्रेम टांगलेली आहे. सीट ट्यूब (सीटखालची उभी नळी) ६१ सेंटीमीटर, टॉप ट्यूब (वरची आडवी नळी) जेमतेम ५४. पाय लांब आणि धड आखूड अशा एका माणसासाठी ती बनवत होतो. पुढचा त्रिकोण ब्रेझ झाला (वितळलेल्या धातूने जोडला गेला), चेनस्टे (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या नळ्या) बसले, सीटस्टे (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या वरच्या नळ्या) तेवढे राहिले होते, आणि त्याचा मेसेज आला: "सॉरी, आता जमणार नाही. ॲडव्हान्स परत कधी मिळेल?" आमच्यात लेखी काहीच नव्हतं. तीन आठवडे मेसेजवर हमरीतुमरी झाली. शेवटी मी अर्धे पैसे परत केले आणि आपलीच फसवणूक झाली असं समजत दोघंही बाजूला झालो.

त्यानंतर मी ऑर्डर घेण्याची पद्धत मुळापासून बदलली. खाली लिहिलंय ते त्या पद्धतीबद्दल. एकट्याने किंवा दोघा-तिघांनी मिळून फ्रेम बनवणारे डोळ्यांपुढे आहेत, पण फ्रेम बनवून घेणाऱ्यानेही वाचायला हरकत नाही. बनवणारा कुठे अडतो ते कळेल.

१. इसार कशाचा, ते आधी ठरवा

"ॲडव्हान्स" या एका शब्दाखाली आपण तीन वेगवेगळ्या गोष्टी कोंबतो: रांगेतली जागा, डिझाइनची मेहनत आणि सामानाची खरेदी. ऑर्डर रद्द झाली की गिऱ्हाईक म्हणतं, "तुम्ही अजून काही बनवलंच नाही." आपण म्हणतो, "माझे दोन आठवडे गेले." दोघंही खरं बोलत असतात, कारण पैसे नेमके कशाचे होते हे कोणी ठरवलेलंच नसतं.

मी आता रक्कम कामाच्या टप्प्यांना बांधतो. पूर्ण किंमत १०० धरली तर नाव नोंदवताना ५, डिझाइन सुरू करताना १५, ड्रॉइंगवर सही झाल्यावर आणि नळ्या मागवण्याआधी ३०, रंगाला पाठवण्याआधी ४०, आणि फ्रेम खोक्यात जाण्याआधी उरलेले १०.

आता प्रत्येक टप्प्यावर काय परत मिळेल ते त्याच कागदावर लिहायचं. नोंदणीचे ५ डिझाइनचं पहिलं बोलणं होईपर्यंत विनाप्रश्न परत. इथे कंजूषी करू नका. वर्षभर रांगेत थांबून मन बदललेल्या माणसाचे ५ दाबून ठेवण्यात शहाणपण नाही, तो दहा जणांना सांगत फिरतो. डिझाइनचे १५ ड्रॉइंग पाठवल्यावर परत नाहीत, पण ड्रॉइंग त्याचं. ते घेऊन तो दुसऱ्याकडे गेला तरी चालेल, त्याने त्याचे पैसे मोजलेत. सामानाचे ३० नळ्यांची ऑर्डर जाईपर्यंत पूर्ण परत. नळ्या आल्या पण कापल्या नाहीत, तर पुरवठादार परत घेताना जी कपात करतो ती आणि वाहतूक वजा करून उरलेले परत. कापल्यानंतरचा हिशेब वेगळा, तो पुढे येतो.

आणखी एक गोष्ट, जी बहुतेक जण लिहीत नाहीत: माप जितकं विचित्र, तितका सामानाचा हप्ता मोठा. सर्वसाधारण मापाची, नेहमीच्या कोनांची फ्रेम रद्द झाली तर चार-सहा महिन्यांत दुसरं कोणी भेटतं. माझ्या भिंतीवरच्या फ्रेमला कोणी भेटत नाही. रेनॉल्ड्स कंपनीच्या ९५३ सारख्या स्टेनलेस नळ्या किंवा टायटॅनियम खास त्या कामासाठी मागवलं असेल तर तेच. हे गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायला संकोच वाटतो, मलाही वाटायचा. "तुमच्या मापाची फ्रेम दुसऱ्या कोणाला बसणार नाही, म्हणून या टप्प्याला ३० ऐवजी ४५ घेतो, रंगाआधीच्या हप्त्यात तेवढे कमी होतील." इतकं सरळ सांगितलं की आजवर कोणी नाही म्हटलेलं नाही.

२. ते पैसे अजून तुमचे नाहीत

या धंद्यात बुडालेले बहुतेक जण वेल्डिंगमुळे बुडत नाहीत. ते बुडतात ते एकाची टोपी दुसऱ्याच्या डोक्यावर घालताना. आज आलेल्या इसारातून गेल्या वर्षीच्या गिऱ्हाइकाच्या नळ्या घ्यायच्या, त्याच्या शेवटच्या हप्त्यातून वर्कशॉपचं भाडं भरायचं. नवी ऑर्डर येत राहते तोवर चाक फिरतं. एका महिन्यात तीन ऑर्डरी रद्द झाल्या की परत द्यायला हातात काही नसतं. मग माणूस उत्तर देणं टाळू लागतो, फोन उचलत नाही, आणि प्रामाणिक कारागीर बघता बघता फसवा ठरतो.

उपाय साधा आहे, पण पाळायला जड. एक वेगळं बँक खातं उघडा. सगळे हप्ते तिथेच जमा होऊ द्या. एखादा टप्पा पूर्ण झाला, की त्या टप्प्याचीच रक्कम तिथून चालू खात्यात घ्या. डिझाइन पूर्ण, १५ घेतले. नळ्यांचं बिल आलं, तेवढेच घेतले. सोबत एक वही किंवा स्प्रेडशीट: ऑर्डरचा क्रमांक, किती आले, किती कमावले, आज रद्द झाली तर किती द्यावे लागतील. या शेवटच्या रकान्याची बेरीज खात्यातल्या शिलकेपेक्षा जास्त दिसली तर त्या दिवसापासून नवीन नोंदणी बंद.

पहिल्या वर्षी माझी बेरीज जुळत नव्हती. जुन्या ऑर्डरींचे पैसे आधीच खर्च झाले होते. सहा महिने मी नवीन कस्टम काम घेतलंच नाही. मोडक्या फ्रेमची दुरुस्ती, तुटलेले ड्रॉपआउट (चाकाचा दांडा बसतो त्या खाचा) बदलणं, रॅकचे बॉस (स्क्रूसाठीचे आटे) लावणं असली कामं करून खड्डा भरला. पण एकदा तो भरल्यावर रद्द करण्याच्या मेसेजने पोटात गोळा येणं थांबलं. उत्तर त्या रकान्यात तयारच असतं.

३. कापण्याआधीची सही

नळी कापली की परतीची वाट अरुंद होते. चांगल्या नळ्यांची जाडी सगळीकडे सारखी नसते: टोकांना ०.८ मिलीमीटर, मध्ये ०.५, असं काहीतरी. जोड जाड टोकावरच यायला हवा. त्यामुळे एकदा माइटर केलेली (दुसऱ्या नळीवर चपखल बसेल असं टोक कापलेली) नळी फार तर थोड्या लहान फ्रेमला चालते, आणि तेही टोकाशी पुरेशी जाडी शिल्लक राहिली तर. म्हणून सही हवी ती कापण्याच्या आधी, आणि ती "मान्य आहे" असल्या एका शब्दावर नको.

माझ्या ड्रॉइंगखाली दोन चौकटी असतात. पहिलीत मी जबाबदार असलेले आकडे: स्टॅक आणि रीच (बॉटम ब्रॅकेटपासून, म्हणजे पेडलचा दांडा फिरतो त्या जागेपासून, हेड ट्यूबच्या, म्हणजे फोर्क धरणाऱ्या पुढच्या नळीच्या, वरच्या तोंडापर्यंतची उंची आणि आडवं अंतर), हेड आणि सीट ट्यूबचा कोन, बॉटम ब्रॅकेटचा ड्रॉप (चाकांच्या मध्यापेक्षा तो किती खाली), चेनस्टेची लांबी, शेलचा (बॉटम ब्रॅकेट बसतो त्या आडव्या नळीचा) प्रकार, ड्रॉपआउट, ब्रेक माउंट. लांबीला २ मिलीमीटर, कोनाला अर्धा अंश इतकी सूट. दुसरीत गिऱ्हाईक जबाबदार असलेल्या गोष्टी: कोणता फोर्क, क्राउनपासून (फोर्कच्या वरच्या खांद्यापासून) ॲक्सलपर्यंत (चाकाच्या दांड्यापर्यंत) त्याची लांबी किती, सर्वांत मोठा टायर कोणता, क्रँकची लांबी, आणि त्याने दिलेली शरीराची मापं. टायरच्या बाबतीत "४० चा टायर" असं लिहू नका. रुंद रिमवर ४० चा टायर ४२ होतो. "तुमच्या रिमवर बसवून मोजलेली रुंदी ४० मिलीमीटर, दोन्ही बाजूंना ६ मिलीमीटर मोकळी जागा" असं लिहा. माझ्याकडे चिखलात घासलेले चेनस्टे घेऊन आलेला माणूस याच एका ओळीपाशी गप्प झाला होता.

सहीनंतर बदल हवा असेल तर बदलाची वेगळी चिठ्ठी: काय बदलतंय, किती जास्त पैसे, तारीख किती पुढे. गिऱ्हाइकाला बदल किरकोळ वाटतो, कारण त्याला जिगवरचं (नळ्या जोडताना धरून ठेवणाऱ्या साच्यावरचं) काम दिसत नाही. बीएसए शेलऐवजी टी४७ या दुसऱ्या प्रकारचा हवा, एवढंच तर म्हटलं त्याने. पण टी४७ चा शेल बाहेरून बराच जाड. डाउन ट्यूब (पुढची तिरकी नळी), सीट ट्यूब आणि दोन्ही चेनस्टे, चौघांचे माइटर बदलतात. हे त्याला फोनवर समजावत बसू नका. दोन्ही शेल शेजारी ठेवून फोटो पाठवा. फोटो पाहिल्यावर निम्मे लोक जुन्याच शेलवर राजी होतात.

तीनपेक्षा जास्त वेळा बदल मागणारा माणूस दिसला की मी थांबतो आणि विचारतो, "तुम्हाला नक्की ही सायकल हवीय ना?" विचारायला अवघड प्रश्न आहे. पण पुढे रद्द होणाऱ्या ऑर्डरींची पहिली खूण मला इथेच दिसलेली आहे.

४. तारीख आणि तोंड उघडणं

उशीर सगळ्यांनाच होतो. रंगवाला आजारी पडतो, ड्रॉपआउटची खेप अडकते, मनगट दुखावतं. लोक उशिरापेक्षा शांततेला जास्त घाबरतात. भिजत घोंगडं पडलंय आणि आपल्याला कोणी काही सांगत नाही, ही भावना आली की माणूस पैसे परत मागायला बँकेत जातो.

त्याच्या भीतीमागे एक पक्कं गणितही आहे, ते समजून घ्या. पेपालवर वाद उघडायला पैसे भरल्यापासून १८० दिवस मिळतात. व्हिसा कार्डावर माल आला नाही म्हणून पैसे परत मागायचे तर साधारणपणे ठरलेल्या तारखेनंतर १२० दिवस, आणि काही झालं तरी मूळ व्यवहारापासून ५४० दिवसांच्या आत. म्हणजे वर्ष-दीड वर्षाच्या रांगेत बसलेल्या गिऱ्हाइकाचं संरक्षण फ्रेम जिगवर चढण्याआधीच संपू शकतं. पाचव्या महिन्यात अचानक "रद्द करा" म्हणणारा माणूस तऱ्हेवाईक असेलच असं नाही. कदाचित तो फक्त कॅलेंडर पाहत असतो. सुरुवातीला थोडी रक्कम आणि मोठे हप्ते काम सुरू होताना, असं ठेवण्यामागचं हे दुसरं कारण.

रांगेतल्या प्रत्येकाला महिन्यातून एकदा मेसेज पाठवा. "तुमच्या आधी चार फ्रेम आहेत. या महिन्यात एक रंगाला गेली, एक जिगवर आहे." दोन ओळी पुरतात. काम सुरू झाल्यावर प्रत्येक टप्प्याचा फोटो पाठवा, त्यात ऑर्डरचा क्रमांक लिहिलेली चिकटपट्टी दिसू द्या. या फोटोंनी गिऱ्हाईक सुखावतं, आणि उद्या बँकेने पुरावा मागितला तर हाच पुरावा. तारीख चुकणार हे कळल्या दिवशी कळवा, चुकल्यानंतर नव्हे. नवी तारीख द्या आणि सोबत विचारा: थांबता, की रद्द करता? अमेरिकेत पत्र, फोन किंवा इंटरनेटवरून विकलेल्या मालाच्या बाबतीत फेडरल ट्रेड कमिशनचा नियमच असा आहे: दिलेल्या मुदतीत माल पाठवता येत नसेल तर विक्रेत्याने ग्राहकाला कळवायचं आणि रद्द करून पैसे परत घेण्याचा पर्याय द्यायचा. तुमच्याकडे असा नियम असो वा नसो, विचारून पाहा. ज्यांना मी हा पर्याय दिला, त्यातल्या बहुतेकांनी थांबणं पसंत केलं. दार उघडं दिसलं की माणूस निवांत बसतो.

५. रद्दचा मेसेज आला, आता

पहिलं काम हत्यारं खाली ठेवण्याचं. खरोखर. मेसेज वाचूनही "आता इतकं झालंय तर सीटस्टे लावूनच टाकू" म्हणत पुढे गेलात, तर त्या तासांचे पैसे मागण्याचा तुमचा हक्क कमकुवत होतो. फ्रेम ज्या अवस्थेत आहे तिचे फोटो काढा, तारीख टाका.

मग त्याच दिवशी छोटं उत्तर. मी जवळपास शब्दशः हेच लिहितो: "मेसेज मिळाला. काम आत्ता थांबवलं आहे. फ्रेम कुठपर्यंत आली आहे त्याचा फोटो सोबत आहे. तीन दिवसांत लेखी हिशेब पाठवतो. तोवर तुमचा विचार बदलला तर तेही कळवा." यात राग नाही, मनधरणी नाही, आकडाही नाही. आकडा पहिल्या उत्तरात कधीच देऊ नका, तोंडातून गेलेला आकडा मागे घेता येत नाही.

हिशेब करताना कारण विचारा, पण कैफियत मागू नका. कारणावरून पर्याय ठरतो. नोकरी गेली असेल तर सहा महिने थांबवणं त्याला रद्द करण्यापेक्षा बरं वाटेल. दुखापत झाली असेल तर स्टॅक वाढवून वेगळी फ्रेम हवी असेल. दुसरीकडे तयार सायकल आवडली असेल तर थांबवण्यात अर्थ नाही.

नळ्या कापल्यानंतरचा हिशेब असा: जमा रकमेतून संपलेल्या टप्प्यांची ठरलेली रक्कम, वापरलेल्या सामानाचं बिल आणि अर्ध्या टप्प्यातले प्रत्यक्ष तास वजा करा. मग अर्धवट फ्रेमची किंवा उरलेल्या सामानाची जी किंमत येण्यासारखी आहे ती त्यात मिळवा. हे मिळवणं लोक विसरतात. शेल, न वापरलेले ड्रॉपआउट, अख्खी राहिलेली सीटस्टेची जोडी तुम्हाला पुढच्या कामात वापरता येते, तर तिचे पैसे त्याच्याकडून कसे कापायचे? हिशेबात ही जमेची ओळ दिसली की समोरच्याचा सूर बदलतो, हा माझा ठाम अनुभव आहे.

फ्रेम पुरी करून विकायची की भंगारात काढायची? अमेरिकेच्या व्यापारी संहितेत, यूनिफॉर्म कमर्शियल कोडच्या २-७०४ कलमात, यावर कामाची गोष्ट सांगितली आहे. खरेदीदाराने करार मोडला आणि माल अर्धवट असेल, तर नुकसान कमी व्हावं म्हणून विक्रेता वाजवी व्यापारी बुद्धीने तो पूर्ण करू शकतो, किंवा काम थांबवून भंगाराच्या किमतीला विकू शकतो. सीटस्टे आणि ब्रिज (त्यांना जोडणारा आडवा तुकडा) एवढंच राहिलं असेल आणि माप चारचौघांसारखं असेल तर पुरी करा. नुसता पुढचा त्रिकोण झाला असेल किंवा माप विचित्र असेल, तर आणखी वीस तास ओतू नका. मी ओतले नाहीत, एवढं एक शहाणपण त्या वेळी सुचलं.

"ऑर्डर रद्द केल्यास संपूर्ण रक्कम जप्त" असं छापून ठेवलेलं असेल तर ते कितपत टिकेल? यावरचा इंग्लंडमधला गाजलेला निकाल योगायोगाने टायरवाल्यांचा आहे. सायकलच्या हवेच्या टायरने सुरू झालेल्या डनलॉप कंपनीच्या खटल्यात हाऊस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने) १९१४ साली दंड आणि नुकसानीचा आगाऊ केलेला खरा अंदाज यांत फरक केला. ठरल्यापेक्षा कमी किमतीत विकलेल्या प्रत्येक टायरमागे पाच पौंड, ही अट खरा अंदाज म्हणून टिकली. भारतीय करार कायद्याच्या (१८७२) कलम ७४ नुसारही करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा, तिच्या आत वाजवी भरपाई. थोडक्यात, टप्प्याटप्प्याने आणि खर्चाशी जुळणारी कपात टिकण्याची शक्यता जास्त, सरसकट जप्ती अडचणीत येते.

युरोपियन युनियनमध्ये दुरून केलेल्या खरेदीवर १४ दिवसांत माघार घेता येते, पण २०११ च्या निर्देशाच्या कलम १६ प्रमाणे ग्राहकाच्या मापाने बनवलेला माल त्यातून वगळला आहे. बनवायला सुरुवात झाली नसली तरीही हाच नियम, असं तिथल्या न्यायालयाने २०२० मध्ये एका स्वयंपाकघराच्या फर्निचरच्या खटल्यात स्पष्ट केलं. मात्र सूट फक्त माघारीपुरती आहे. माल सदोष निघाला तर "कस्टम आहे" म्हणून हात वर करता येत नाहीत. मोठी रक्कम अडकली असेल तर स्थानिक वकिलाला कागद दाखवा. एका तासाची फी परवडते.

शेवटी सेटलमेंटचा मेसेज: किती परत, कोणत्या तारखेला, कोणत्या मार्गाने, आणि अर्धवट फ्रेम कोणाची. या शेवटच्या मुद्द्यावर पुन्हा भांडणं झालेली पाहिली आहेत. पैसे शक्यतो ज्या मार्गाने आले त्याच मार्गाने परत करा. कार्डाने घेतलेले रोखीने परत दिले आणि त्याने बँकेकडेही मागितले, तर दोनदा जातात.

६. फ्रेम पोचली, आणि तक्रार आली

तक्रार मापाची असेल तर मतांवर बोलू नका, मोजा. एकदा एकाने लिहिलं, "हँडल फार जवळ आलंय, सायकल वळणात आळशी वाटते, तुमचे कोन चुकलेत." ड्रॉइंगवर हेड ट्यूबचा कोन ७२ अंश. त्याला म्हटलं, सायकल सपाट फरशीवर भिंतीला समांतर सरळ उभी करा. जमिनीपासून बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापर्यंत मोजा, मग हेड ट्यूबच्या वरच्या तोंडाच्या मध्यापर्यंत. वजाबाकी म्हणजे स्टॅक. समोरच्या आडव्या भिंतीपासून त्याच दोन बिंदूंची अंतरं घ्या, वजाबाकी म्हणजे रीच. आणि फोर्कच्या क्राउनपासून ॲक्सलच्या मध्यापर्यंत मोजा.

रीच १४ मिलीमीटर कमी आला, स्टॅक ९ ने जास्त, बॉटम ब्रॅकेट १० ने वर. आकडे पाहून क्षणभर माझ्याही हाताला घाम आला. मग फोर्कचा आकडा आला: ३९५. ड्रॉइंगवर त्यानेच सही केलेला फोर्क ३७० चा होता. सेलमध्ये मिळाला म्हणून त्याने रोडऐवजी ग्रॅव्हलचा फोर्क घेतला होता. पुढून २५ मिलीमीटर उचललं की साधारण मीटरभर व्हीलबेसच्या (दोन चाकांच्या मध्यांमधल्या अंतराच्या) सायकलीत हेडचा कोन जवळजवळ दीड अंशाने मागे पडतो, ट्रेल (स्टिअरिंगची रेषा जमिनीला टेकते तिथून टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर) आठ-नऊ मिलीमीटरने वाढतो, आणि अख्खी फ्रेम मागे झुकल्याने हँडल जवळ येतं. सगळे आकडे फ्रेमच्या बरोबर असण्याचीच साक्ष देत होते. "चूक तुमची" असं मी लिहिलं नाही. गणित मांडलं, दोन योग्य फोर्कचे पर्याय दिले. त्याने बदलला. पण हेही सांगतो: मोजल्यावर चूक माझी निघाल्याचंही दोनदा घडलंय, आणि दोन्ही वेळा फ्रेम नव्याने बनवून दिली. सहीचा कागद दोन्ही बाजूंना कापतो.

रंगाची तक्रार मापाने सुटत नाही. स्क्रीनवर दिसलेला निळा आणि उन्हातला निळा वेगळे. मी रंगवलेला नळीचा तुकडा पोस्टाने पाठवतो, सपाट पत्रा नाही, कारण गोल पृष्ठभागावर मेटॅलिक रंग वेगळा दिसतो. तो तुकडा पसंत झाल्याशिवाय फ्रेम रंगाला जात नाही.

तडा गेल्याची तक्रार ही वेगळीच गोष्ट. इथे पहिला शब्द एकच: चालवणं थांबवा. लगेच, त्याच मिनिटाला, पैशांचं किंवा वॉरंटीचं नाव न काढता. मग फोटो मागवा: पूर्ण सायकल, फ्रेमचा क्रमांक, तडा जवळून आणि शेजारी पट्टी ठेवून. "कुठे पडलात का?" हा प्रश्न पहिल्या मेसेजात विचारला की माणूस बचावात जातो आणि खरं कधीच कळत नाही. फ्रेम स्वतः बोलते. हेड ट्यूबच्या मागे डाउन ट्यूबच्या खालच्या अंगाला सुरकुती किंवा फुगवटा असेल तर समोरून धडक बसलेली आहे. पोच नसताना वेल्डच्या कडेने निघालेला बारीक तडा बहुधा आपल्या उष्णतेचा किंवा नळीच्या निवडीचा प्रश्न. सीट ट्यूबच्या वरच्या भागात तडा असेल तर आधी सीटपोस्ट किती आत होतं ते पाहा. टॉप ट्यूबच्या जोडाच्या खालपर्यंत ते पोचायला हवं. वाहतुकीचा खर्च तुमचा, फ्रेम मागवून घ्या, आणि दोघांचं एकमत होईपर्यंत ती कापू किंवा दुरुस्त करू नका. कोणाला इजा झाली असेल तर एकही खुलासा लिहिण्याआधी विमा कंपनीला कळवा. बऱ्याच पॉलिसींमध्ये परस्पर जबाबदारी कबूल करायला मनाई असते.

वॉरंटीच्या कागदावर दोन ओळी विसरू नका: ती पहिल्या मालकापुरती आहे का, आणि दुरुस्तीनंतरचा रंग जुन्या रंगाशी तंतोतंत जुळेल याची हमी नाही.

७. बँकेकडून नोटीस आली तर

गिऱ्हाइकाने परस्पर बँकेतून पैसे परत मागितले की अपमान वाटतो. तो गिळा आणि मुदत पाहा, उत्तराचे दिवस मोजकेच असतात. पाठवायचं ते क्रमाने: सही केलेलं ड्रॉइंग आणि अटी, टप्प्यांचे तारखेसह फोटो, उशिराबद्दलचे मेसेज आणि त्यावरची त्याची संमती, रद्दनंतरचा हिशेब. सायकलचं काही न कळणारा कारकून ते वाचणार आहे, म्हणून वर पाच ओळींत घटनाक्रम लिहा. तडजोडीचं बोलणं चालू असेल तर बँकेतला दावा मागे घेतल्याचं लेखी येईपर्यंत वेगळे पैसे पाठवू नका.

उघड्यावर कोणी तुमच्याबद्दल वाईट लिहिलं तर एकदाच उत्तर द्या, तेही त्याच्या व्यवहाराचे तपशील न उघडता.

८. माघार तुम्हीच घेत असाल तर

हात दुखावला, घरी आजारपण आलं, किंवा समोरच्या माणसाशी जमणारच नाही हे कळलं, तर तुम्हालाही ऑर्डर सोडता येते. त्या वेळी टप्प्यांचा हिशेब लावू नका. सगळे पैसे परत, डिझाइनचे १५ सुद्धा, आणि ड्रॉइंग भेट. शक्य असेल तर त्याचं काम घेऊ शकेल अशा दुसऱ्या कारागिराशी आधी बोलून मग नाव सुचवा. वेगळं खातं असेल तर हे एका संध्याकाळीत उरकतं.

९. अनाथ फ्रेम

रद्द झालेली फ्रेम विकायची तर आधी मूळ माणसाचं नाव किंवा खास सजावट काढा, क्रमांक तोच ठेवा आणि नोंदवहीत "रद्द, पुनर्विक्री" असं लिहा. जाहिरातीत खरे आकडे द्या: स्टॅक, रीच, कोन, फोर्कची लांबी. "५६ साइज" असं मोघम लिहिलं तर नवं भांडण विकत घेतल्यासारखं. किती उंचीच्या, कशा बांध्याच्या माणसाला ती बसेल तेही लिहा.

माझ्या भिंतीवरच्या अर्धवट फ्रेमची जाहिरात अजून चालू आहे. गेल्या महिन्यात एकजण पाहून गेला. पाय पुरेसे लांब होते, पण हातही तितकेच लांब निघाले.